आज्ञार्थ नसलेला माणूस

अहिरे सरांच्या मराठीत आज्ञार्थ नव्हता. मी व्याकरण शिकवायची म्हणून हे माझ्या लवकर ध्यानात आलं. बाकीच्यांना ते नुसतेच विक्षिप्त वाटत. स्टाफरूमच्या दाराशी भिका शिपाई उभा असायचा. आम्ही सगळे "भिका, चहा सांग रे" म्हणून मोकळे व्हायचो. सर मात्र चष्मा काढून, त्याच्याकडे नीट बघून विचारायचे, "भिकाजी, चहा आणायला जमेल का? नसेल जमत तर राहिलं." सुरुवातीला भिका घाबरला. आपलं काहीतरी चुकलं असावं म्हणून सर असं तिरकं बोलतात, असा त्याचा समज. शेवटी एकदा तो वैतागलाच. "सर, जमंल का काय इचारता? नोकरी हाय माझी. आण म्हना ना!" सर म्हणाले, "नोकरी कॉलेजची आहे, भिकाजी. तहान माझी आहे." भिकाला त्यातलं किती कळलं देव जाणे, पण पुढे सरांचा चहा आमच्याआधी येऊ लागला आणि आम्ही उगाचच चडफडत बसू लागलो.

वर्गातही तीच तऱ्हा. "पुस्तक उघडलंत तर बरं होईल," म्हणायचे. मागच्या बाकावरची कार्टी अर्थातच उघडायची नाहीत. "ठीक आहे, स्वतःचं नुकसान करून घ्यायचा तुम्हाला हक्क आहे," म्हणत सर फळ्याकडे वळायचे. त्यांच्या दारात गल्लीतलं एक कुत्रं येऊन बसे. त्याला हाड म्हणतानाही मी त्यांना कधी ऐकलं नाही. ते बेणं मग सरळ स्वयंपाकघरात शिरायचं आणि शकुंतलाताई, म्हणजे सरांच्या पत्नी, लाटणं घेऊन धावायच्या. सरांच्या तत्त्वांचं शेपूट असं नेहमी शकुंतलाताईंच्या हातात यायचं.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी गंगापूर रोडवरच्या त्या कॉलेजात मराठी शिकवायला लागले, तेव्हा सर तिथे अर्थशास्त्राचे जुने प्राध्यापक होते. आम्ही शेजारी शेजारी राहायचो, मधली भिंत एकच. बुटका, सावळा माणूस, पांढरा बुशशर्ट आणि त्यावर खांद्याला उपरणं. बुशशर्टावर उपरणं घेणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. शकुंतलाताई शहराबाहेरच्या एका खेड्यात प्राथमिक शिक्षिका होत्या, रोज एसटीनं जायच्या-यायच्या. उज्ज्वला ही त्यांची एकुलती एक मुलगी. तिच्यानंतर दोनदा मूल पोटातच गेलेलं. पण दोघांनी आशा सोडली नव्हती, हे ताईंनीच मला सांगितलं होतं.

त्या उपरण्याचा उलगडा मला एकदा त्यांच्या वर्गावरून जाताना झाला. दोन मुलं समोरासमोर उभी, दोघांचे हात उपरण्याखाली, आणि सगळा वर्ग श्वास रोखून बघतोय. सरांचे वडील सटाण्याकडे बैलबाजारात खरेदी-विक्री करायचे. तिथे भाव तोंडानं बोलायचा नाही, फडक्याखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवायचा. शेजारी उभ्या असलेल्यालाही आकडा कळत नाही. सौदा पटला की सरांचे वडील म्हणायचे, "तू बी राजी, मी बी राजी, मंग गावले काय करनं शे?" सर ते वाक्य त्यांच्या अहिराणीत तसंच्या तसं म्हणून दाखवत, दोघं राजी तर गावाला काय करायचंय असा अर्थ लावून देत आणि मग मुलांना सांगत, "दोघांच्या राजीखुशीनं होतो तो बाजार. एकाच्याच राजीखुशीनं होतो त्याला हुकूम म्हणतात. दोन्हींतला फरक ज्याला कळला त्याला माझ्याकडून पास." यावरून पोरांनी त्यांचं नाव 'राजीखुशी सर' ठेवलं होतं.

तो काळ आठवत नसेल त्यांना सांगते. तेव्हा आपल्याकडे कोणी काही विकत घेत नसे, सगळ्यांना सगळं मिळायचं. साखर मिळायची, रॉकेल मिळायचं, परमिट असेल तर सिमेंट मिळायचं. स्कूटर नंबर लावून मिळायची आणि तोवर ज्याच्यासाठी नंबर लावला त्या मुलाचं लग्न होऊन जायचं. फोन मिळाला की लोक पेढे वाटायचे. कोणी पेढा पुढे केला की सर विचारत, "कुणाच्या ओळखीनं?" पेढा देणाऱ्याचं तोंड एवढंसं व्हायचं. मग सर पेढा खात आणि म्हणत, "छान आहे. हा तरी विकत आणलाय ना?"

स्टाफरूममध्ये त्यांची जुंपायची ती राज्यशास्त्राच्या सबनिसांशी. सबनीस म्हणजे तळमळीचा माणूस. सरकारनं सगळं हातात घेतल्याशिवाय गरिबाचं भलं होत नाही, यावर त्यांचा देवावर असावा तसा विश्वास. एकदा ते चिडून बोलून गेले, "सरकारच्या शिष्यवृत्तीवर शिकलात आणि सरकारलाच नावं ठेवता?" सर बौद्ध समाजाचे होते आणि सबनिसांच्या बोलण्यातला काटा सगळ्यांना टोचला होता. सर शांतपणे म्हणाले, "आमच्या किती पिढ्या या गावांनी फुकट राबवल्या, सबनीस. त्यातलं चिमूटभर मी परत घेतलं. दान नव्हतं ते." सबनिसांनी नंतर माफी मागितली, तीही मनापासून. पण त्या दिवसापासून दोघांमध्ये पूर्वीसारखी भांडणं झाली नाहीत, आणि सरांना त्या भांडणांवाचून चुकल्यासारखं होत होतं हे मला दिसत होतं.

आणि स्वतःच्या माणसांतही ते एकटेच. एकदा त्यांच्या वस्तीतल्या विहारात त्यांचं भाषण ठेवलं होतं, शकुंतलाताई मलाही घेऊन गेल्या होत्या. भाषण झाल्यावर एक तरुण उठला. "सर, तुमचा बाजार चांगला असंल. पन त्या बाजारात आमच्या हातचं घेनार कोन? आमच्या आईनं भजी तळली तर कोन खानार, सांगा ना." सर मग म्हणाले, "खरं आहे. याला माझ्याकडे आज उत्तर नाही." लोक हळूहळू पांगले. परत येताना रस्त्यात ते मला म्हणाले, "बाई, बाजारात पाटलालासुद्धा फडक्याखाली माझ्या बापाचा हात धरावा लागायचा. इलाजच नव्हता, त्याशिवाय भाव कळणार कसा? सौदा झाला की फडकं निघायचं आणि चहा मात्र बापाला करवंटीतून. म्हणजे अख्ख्या तालुक्यात माझ्या बापासाठी तेवढीच एक जागा होती, त्या फडक्याखालची. ती जागा मोठी करायची, एवढंच माझं अर्थशास्त्र." शकुंतलाताई दोन पावलं पुढे चालत होत्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, पण त्यांची चाल मंदावली.

मग आणीबाणी आली. कॉलेजात सरकारच्या अभिनंदनाचा एक ठराव फिरला. सगळ्यांनी सह्या केल्या, मीही केली. सरांपुढे कागद आला तेव्हा ते प्राचार्यांना म्हणाले, "मला हे राजीखुशीनं करता येत नाही. राजीखुशीची अट नसेल आणि तसं वर लिहून दिलंत, तर मी सही करतो." प्राचार्यांनी कागद उचलला आणि विषय संपवला, पण सरांची वेतनवाढ थांबली. त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर साध्या कपड्यांतला एक पोलीस येऊन बसू लागला. सर त्यालाही म्हणत, "पुस्तक आणलंत तर बरं होईल." सबनिसांना तेव्हा शिस्तीचं कौतुक वाटायचं. "आता बघा, कचेरीत माणसं जागेवर सापडतात," ते म्हणाले. सर म्हणाले, "जागेवर तर कोठडीतलाही सापडतो." आम्ही इकडेतिकडे बघितलं आणि वह्या तपासायला घेतल्या. सरांशेजारची खुर्ची त्यानंतर बहुतेक रिकामी राहायची.

त्याच सुमारास एका संध्याकाळी सर आमच्याकडे आले. कधी विचारल्याशिवाय उंबरा ओलांडायचे नाहीत, त्या दिवशी सरळ येऊन खुर्चीत बसले. म्हणाले, "बाई, राजीखुशी हा शब्द आला कुठून?" मला वाटलं, वर्गासाठी हवं असेल. मी उत्साहानं सांगितलं, "राजी अरबी, खुशी फारसी. मुसलमानी अमदानीत मराठीत आले." ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे आपला नव्हेच." मी हसले. ते हसले नाहीत. मी दिलेलं पाणीसुद्धा प्यायले नाहीत आणि उठून गेले.

काय झालं होतं ते मला पुढल्या उन्हाळ्यात कळलं. आणीबाणी उठली होती. आम्ही दोघी अंगणात कुरडयांचा चीक घाटत होतो आणि शकुंतलाताई चिकावरची नजर न काढता बोलत होत्या.

"शाळेत हुकूम आला होता ना ताई, प्रत्येकानं नसबंदीची केस आणायची म्हणून. नाही आणली तर पगार बंद. माझा बंद झालाच होता. हे म्हणाले, नोकरी गेली तरी चालेल, पण कोणाला फसवून नेलं नाहीस तर बरं. म्हणायला काय जातं? यांची वाढ थांबलेली, यांना कधी काढतील त्याचा नेम नाही. पोरीला खायला काय तत्त्व घालायचं? म्हणून गेले मी. बांधकामावर पेठकडची एक मजूरबाई होती, तिला विचारलं. ती म्हणाली, बाई, तुम्ही म्हनाल तर येते." त्यांनी पळी फिरवली. "तिचं ते 'तुम्ही म्हणाल तर' ऐकलं. तिला म्हटलं, राहू दे. आणि मीच जाऊन टेबलावर निजले. माझीच केस मी आणली. तिथला माणूस विचारतो, राजीखुशीनं ना, बाई? म्हटलं, हो."

चीक खाली लागायला आला होता. मी पळी त्यांच्या हातातून घेतली.

"घरी येऊन यांना तसंच सांगितलं. मुद्दाम यांचाच शब्द वापरला. मला वाटलं, ओरडतील. रडतील. मला का नाही विचारलंस म्हणून भिंतीवर डोकं आपटतील. हे म्हणाले, तुझं शरीर, तुझा निर्णय. आणि जाऊन गॅलरीत बसले."

मला तेव्हा सरांचा इतका राग आला की सांगता सोय नाही. पण त्या संध्याकाळी ते माझ्याकडे शब्दाची व्युत्पत्ती विचारायला आले होते, हेही आठवलं. रागावू कोणावर ते कळेना.

त्याच वर्षी सबनिसांनी सरांचा सत्कार ठरवला. सही न करणारा एकमेव माणूस म्हणून शाल, श्रीफळ, भाषणं. आता सगळ्यांनाच धीर आला होता. सर म्हणाले, "नको. जिचा करायला हवा तिचा तुम्हाला करता यायचा नाही." लोकांना वाटलं, केवढा विनय! मी मान खाली घालून बसले. भिकानं चहा आणला, तो तसाच गार झाला.

नंतर त्या घरातून भांडणाचा आवाज कधी आला नाही. आला असता तर बरं वाटलं असतं. भिंतीपलीकडून नुसती भांड्यांची आणि उज्ज्वलाच्या पाठांतराची चाहूल यायची. वर्ष-दीड वर्षानं शकुंतलाताईंनी नांदगावला बदली मागितली. तिथे त्यांचं माहेर, आई आजारी. कारण खरं होतं, पण तेवढंच नव्हतं. "मी बदली मागू का?" असं त्यांनी सरांना विचारलं होतं. सर म्हणाले, "तुझी इच्छा." उज्ज्वलाला घेऊन त्या गेल्या. सामान एसटीच्या टपावर चढवायला सर स्वतः गेले होते. परत आले ते उपरण्यानं हात पुसत आणि थेट आत गेले.

पुढची सगळी वर्षं सर एकटे राहिले. स्वतः भाकरी थापायचे, वरणाला फोडणी देताना खोकायचे. भिंतीतून मला तो खोकला ऐकू यायचा आणि आज वरण आहे हे कळायचं. दर महिन्याला एकदा नांदगावला जायचे. उज्ज्वलासाठी पुस्तक, सासूबाईंसाठी औषध, आणि पिशवीत चिवडा. ओसरीवर बसायचे, चहा घ्यायचे, उज्ज्वलाचा अभ्यास बघायचे आणि त्याच दिवशी परत फिरायचे. शकुंतलाताई राहायचा आग्रह करत नसत. सर थांबत नसत.

एकदा न राहवून मी बोललेच. "सर, झालं ते झालं. जाऊन ताईंना घेऊन या."

"ती म्हणजे काय सामान आहे, बाई?"

"बरं, आणू नका. नुसतं 'ये' म्हणा."

त्यांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "मी म्हटलं तर ती येईल. म्हणूनच म्हणत नाही. एकदा तिनं मन मारून हो म्हटलंय. आता परत माझ्या शब्दाखातर आली, तर ती आपल्या मनानं आली की नाही हे मला मरेपर्यंत कळायचं नाही."

"अहो, संसारात एवढं कोण बघतं?"

"सरकार बघत नाही. मी बघायला नको?"

यावर काय बोलणार, कपाळ? माझा त्यांच्या अर्थशास्त्राशी काही वाद नव्हता. पण बाजारात मनासारखा भाव नाही मिळाला तर माणूस दुसऱ्या दुकानात जातो, आणि घरात तसं नसतं, हे या विद्वानाला कोण सांगणार? शेजारचा माणूस रोज एकटा जेवताना बघून मलाही जेवण गोड लागायचं नाही, हेही त्यांना सांगायचं होतं. सांगितलं नाही.

उज्ज्वलाच्या लग्नाला मी नांदगावला गेले होते. सरांनी मुलीला एवढंच विचारलं, "तुला मनापासून पसंत आहे ना?" असं त्यांनी इतक्या वेळा विचारलं की तो बिचारा जावई कावराबावरा झाला. पाठवणी झाल्यावर मांडवात शकुंतलाताई आणि मी दोघीच उरलो. त्या म्हणाल्या, "आता घरात मी आणि म्हातारी आई. हे दर महिन्याला येतात. दारात चपला वाजल्या की मला वाटतं, आज म्हणतील. एकदा नुसतं 'ये' म्हणाले असते ना ताई, तर त्याच एसटीनं निघाले असते. आपणहून का नाही जात, असं वाटत असेल तुम्हाला. जाईन की. पण मी कोणाला हवी आहे, हे बाईमाणसाला ऐकायला नको का एकदा?"

मी नाशिकला येऊन हे सरांना शब्दन्‌शब्द सांगितलं. त्यांनी विचारलं, "असं म्हणाली?" चेहरा क्षणभर उजळला, मी पाहिला. मग ते म्हणाले, "पण आता म्हटलं तर तुम्ही सांगितलंत म्हणून म्हटलं, असं होईल." मी रागानं उठून आले आणि आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. ते मात्र रोज दाराशी येऊन "बोलायला वेळ आहे का?" असं विचारून जात.

सर निवृत्त झाले तो त्यांच्या-माझ्या शेजाराचाही शेवटचा महिना होता. मी मुलाकडे पुण्याला जाणार होते, सामान बांधून झालं होतं. निरोप समारंभ दुपारी झाला. शकुंतलाताई नांदगावहून आल्या होत्या, एकट्याच, मोरपंखी काठाचं पातळ नेसून. त्यांची आई त्या हिवाळ्यात गेली होती. म्हणजे नांदगावात त्यांना धरून ठेवणारं आता काही नव्हतं, आणि हे मला माहीत होतं, सरांना माहीत होतं, ताईंनाही माहीत होतं. सबनीस चांगलं बोलले. सर उत्तरादाखल चार वाक्यं बोलले आणि बसले. भिका रडला.

समारंभानंतर आम्ही गेटाशी आलो. सरांच्या हातात हार होता, तो कुठे ठेवावा ते त्यांना सुचत नव्हतं. ताईंच्या गाडीला अजून अवकाश होता, पण रिक्षा समोर येऊन उभीच राहिली. मी मुद्दाम थोडी मागे थांबले. ताई रिक्षाशी गेल्या, एक पाय आत ठेवला आणि मागे वळून म्हणाल्या, "येते मी."

सर म्हणाले, "ये."

निघणाऱ्याला आपल्याकडे असंच म्हणतात. पाहुण्याला म्हणतात, दूधवाल्यालाही म्हणतात. पण सर एरवी निरोपाला नुसती मान हलवायचे, आणि ताईंनाही तो शब्द नवा असावा, कारण त्या तशाच थांबल्या. एक पाय रिक्षात, हात दांडीला. सरांच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. हा कुठला 'ये', एवढंच त्यांना कळायला हवं होतं. सरांचे ओठ हलले. आवाज आला नाही.

रिक्षावाल्यानं विचारलं, "स्टँडला ना, बाई?"

त्यांनी सरांकडे अजून एकदा बघितलं. मग "हो" म्हणाल्या आणि आत बसल्या. सर एक पाऊल पुढे आले होते. रिक्षा वळून दिसेनाशी झाल्यावर त्यांनी ते मागे घेतलं.